डिमेन्शियाच्या रुग्णाला सांभाळणाऱ्यांसाठी मोबाईल ॲप : ही मदत आली कुठून?

अल्झायमर आजाराविषयी कुठलेही पुस्तक उघडा, पहिल्या काही पानांत तुम्हाला ऑगुस्ट डेटर भेटेल. जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात २५ नोव्हेंबर १९०१ रोजी ही ५१ वर्षांची बाई मनोरुग्णालयात दाखल झाली. डॉ. आलोइस अल्झायमर यांनी तिला तपासले आणि तिच्या उत्तरांची बारकाईने नोंद ठेवली. ८ एप्रिल १९०६ रोजी ती वारल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्युबिंगेन येथील सभेत ही केस मांडली. पुढे १९१० मध्ये क्रेपेलिन यांच्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचे नाव मिळाले.

या कथेत आणखी एक माणूस आहे, आणि आजचा लेख त्याच्यासारख्यांविषयी आहे. ऑगुस्टचा नवरा कार्ल रेल्वेत कारकून होता. बायको अचानक त्याच्यावर संशय घेऊ लागली. घरातल्या वस्तू इकडून तिकडे नेऊन लपवू लागली. कुणीतरी आपल्याला मारायला टपले आहे असे वाटून ओरडू लागली. रुग्णालयात आणण्यापूर्वी हे सगळे घरात घडत होते आणि ते कार्लच्या समोर घडत होते. त्याला झोप लागत होती का, हे कुणी विचारल्याचे वाचनात येत नाही. पुढची सुमारे सत्तर वर्षे वैद्यकशास्त्राने हा प्रश्न कुणालाच फारसा विचारला नाही.

तुमच्या घरात आई, वडील, सासू किंवा जोडीदार डिमेन्शियाने आजारी असेल, तर हा प्रश्न तुम्हाला परका वाटणार नाही. दवाखान्यात आलेल्या कुटुंबाशी डॉक्टर बोलतात ते बहुतेक रुग्णाविषयीच. सोबत आलेली सून किंवा मुलगी फाईल हातात धरून बसलेली असते. अलीकडे तिच्या हातात मोबाईलही असतो आणि ती विचारते, "डॉक्टर, यासाठी एखादं चांगलं ॲप आहे का?" 'आहे' किंवा 'नाही' असे उत्तर देऊन मला भागवता आले असते. पण ही मदत कशी घडत गेली ते समजले, तर कुठल्या ॲपकडून काय अपेक्षा ठेवायची हे तुमचे तुम्हालाच ठरवता येईल.

अल्झायमर हा बराच काळ पन्नाशी-साठीतल्या लोकांना होणारा दुर्मीळ आजार समजला जाई. सत्तरीच्या पुढच्यांचे विसरणे म्हणजे 'म्हातारचळ'. त्यासाठी डॉक्टर कशाला? १९७६ मध्ये अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका संपादकीयात मांडले की म्हातारपणीचा डिमेन्शिया आणि अल्झायमर हे बहुतांशी एकच आहेत. एका लेखाने 'दुर्मीळ' आजार लाखो घरांतला आजार झाला. १९७९ मध्ये इंग्लंडमध्ये आणि १९८० मध्ये अमेरिकेत रुग्णांच्या कुटुंबीयांनी आपल्या संघटना उभ्या केल्या.

१९८० मध्येच अमेरिकेतील एका लोकप्रिय वृत्तपत्रीय सल्ला-सदरात न्यूयॉर्कच्या एका वाचकाचे पत्र छापून आले. जोडीदाराला अल्झायमर झाला आहे, आपण हतबल झालो आहोत, काय करावे? उत्तरात नव्या संघटनेचा पत्ता दिला होता. त्या पत्त्यावर हजारो पत्रे येऊन पडली. इतकी माणसे आपापल्या घरात एकेकटी हेच सोसत होती आणि एकमेकांना त्यांची खबर नव्हती. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील नॅन्सी मेस आणि डॉ. पीटर रेबिन्स यांचे कुटुंबीयांसाठीचे मार्गदर्शक पुस्तक निघाले. त्याच्या नावातच दिवस छत्तीस तासांचा आहे. रात्री दोनला उठून दार उघडू पाहणाऱ्या वडिलांना ज्याने आवरले आहे, त्याला हे नाव समजावून सांगावे लागत नाही.

आता जरा थांबू, कारण याच सुमारास एक छोटा अभ्यास झाला आणि तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो. स्टीव्हन झारिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये २९ रुग्ण आणि त्यांना सांभाळणारे २९ जण यांचा अभ्यास केला. सांभाळणाऱ्यावरचा भार मोजण्यासाठी त्यांनी प्रश्नावली तयार केली. तिचीच २२ प्रश्नांची आवृत्ती आज जगभर वापरतात. रुग्ण जितका जास्त बिघडलेला तितका भार जास्त, असे कुणालाही वाटेल. पण तसे दिसले नाही. विसरणे किती, वागण्याचा त्रास किती, यांचा भाराशी ठळक संबंध लागला नाही. संबंध लागला तो एकाच गोष्टीशी : घरातली इतर माणसे किती वेळा भेटायला येतात. मुले, नातवंडे, भावंडे येत-जात असतील तर भार कमी.

अभ्यास लहान होता, त्यावर जगाचा निष्कर्ष काढू नये. तरीही पुढे जे जे उपयोगी ठरले ते पाहिले की या निरीक्षणाची आठवण होते. न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटलमन यांनी रुग्णाच्या पती किंवा पत्नीसाठी समुपदेशनाचा कार्यक्रम आखला. त्यातल्या बहुतेक बैठका सांभाळणाऱ्याच्या एकट्याच्या नव्हत्या, साऱ्या कुटुंबाच्या होत्या : बायको एकटी सगळे करते आहे, मग मुलगा काय उचलणार आणि मुलगी काय? सोबत समदुःखी लोकांचा गट आणि गरज पडेल तेव्हा समुपदेशकाला फोन करण्याची मुभा. १९९६ मध्ये २०६ जोडीदारांच्या अभ्यासाचा निकाल आला. ही मदत मिळालेल्या घरांत रुग्णाला शुश्रूषागृहात ठेवण्याची वेळ मध्यमानाने ३२९ दिवस लांबली. यात नवे औषध एकही नव्हते.

आणि मदत नसेल तर? १९९९ मध्ये रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी वृद्ध जोडीदारांचा चार वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजारी जोडीदाराला सांभाळताना ज्यांच्यावर ताण येत होता, त्यांचा मृत्यूचा धोका असा भार नसलेल्या समवयस्कांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. म्हणून 'मी ठीक आहे हो, तुम्ही आईंचं बघा' असे कुणी म्हणाले की मी आधी त्यांचाच रक्तदाब तपासतो.

यंत्राची मदत यात आली ती मोबाईलच्या पुष्कळ आधी. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे पॅट्रिशिया ब्रेनन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'कॉम्प्युटरलिंक' सुरू केले. ब्रेनन मूळच्या परिचारिका, शिवाय अभियांत्रिकी शिकलेल्या. बहुतेकांनी तेव्हा इंटरनेट हा शब्दही ऐकला नव्हता. अल्झायमरच्या रुग्णांना सांभाळणाऱ्या कुटुंबीयांच्या घरी त्यांनी टेलिफोनच्या तारेवर चालणारी साधी टर्मिनल्स बसवली. त्यावर आजाराची माहिती होती, निर्णय घेण्यास मदत करणारा एक भाग होता आणि एकमेकांना निरोप लिहिण्याची सोय होती. १०२ जणांवर वर्षभर चाचणी झाली. सर्वांत जास्त वापरला गेला तो निरोपांचा भाग. दिवसा उसंत न मिळणारी माणसे रात्री-अपरात्री तिथे लिहीत.

निकाल मात्र संमिश्र होता. निर्णय घेताना वाटणारा आत्मविश्वास वाढला, पण निर्णयकौशल्यात किंवा एकाकीपणात मोजण्याजोगा फरक पडला नाही. आज एखादे ॲप 'ताण दूर करण्याची खात्री' देते तेव्हा ही तीसेक वर्षांपूर्वीची प्रामाणिक नोंद आठवावी.

बोस्टनमध्ये डायन महोनी यांच्या गटाने साध्या टेलिफोनवर चालणारी संगणकीय व्यवस्था केली. तिचे निकाल २००३ मध्ये आले. त्यातली एक सोय मला फार आवडते. सांभाळणाऱ्याला थोडी उसंत हवी असेल तर फोन रुग्णाच्या हाती द्यायचा. पलीकडून ध्वनिमुद्रित आवाज शांतपणे, जुन्या आठवणी काढत त्याच्याशी अठरा मिनिटे बोले. अठरा मिनिटांत अंघोळ होते. ज्यांनी हे काम केलेले नाही त्यांना ही सोय क्षुल्लक वाटेल. या व्यवस्थेचा फायदा सगळ्यांना सारखा झाला नाही. 'माझ्या हातात काही नाही' असे ज्यांना आधीपासून वाटत होते त्यांना, आणि नवऱ्याला सांभाळणाऱ्या बायकांना, तो अधिक दिसला.

आपल्याकडे काय चालले होते? भारतात अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ मध्ये केरळमध्ये स्थापन झाली. १९९८ मध्ये '१०/६६' नावाचा आंतरराष्ट्रीय संशोधन गट तयार झाला. नावाचा अर्थ असा, की डिमेन्शियाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत, पण त्यांच्यावर होणारे संशोधन १० टक्क्यांहूनही कमी. या गटाचे महत्त्वाचे काम आपल्या शेजारी, गोव्यात झाले. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी २००१ मध्ये गोव्यातील लोक या आजाराकडे कसे पाहतात ते नोंदवले. लक्षणे लोकांना चांगली ओळखू येत होती, पण तो आजार आहे असे ते मानत नव्हते. वयाचा परिणाम, किंवा मुलांनी दुर्लक्ष केले, माया केली नाही, म्हणून असे झाले, ही समजूत. म्हणजे दिवसरात्र करणाऱ्या सुनेच्या पदरी वर दोषही! महाराष्ट्रात हे चित्र वेगळे आहे असे मला म्हणता येणार नाही.

मग अमित डायस आणि सहकाऱ्यांनी तिसवाडी आणि बार्देश या तालुक्यांत एक चाचणी केली. ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. ८१ कुटुंबे होती. त्यातल्या निम्म्यांच्या घरी 'गृह-सल्लागार' जात. ते डॉक्टर नव्हते. स्थानिक, कोकणी जाणणारे, थोडक्या प्रशिक्षणाने तयार झालेले लोक होते. किमान पंधरा दिवसांतून एकदा, सहा महिने, ते घरी बसून आजार समजावत, वागण्यातल्या त्रासावर उपाय सुचवत, सरकारी योजनांची माहिती देत आणि गरज लागली तर मनोविकारतज्ज्ञाशी गाठ घालून देत. सहा महिन्यांनी त्या घरांतील सांभाळणाऱ्यांचे मानसिक आरोग्य दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे सुधारलेले होते. रुग्णाच्या वागण्यामुळे होणारा मनस्तापही कमी झाला होता. रुग्णाच्या वागण्यात फारसा फरक पडला नव्हता, हेही सांगायला हवे. वडील तेच प्रश्न विचारत राहिले, पण विचारले की जीव जाईनासा झाला.

एव्हाना फोन बदलत होते. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांतली मुद्दाम ठेवलेली अचूकतेची कपात काढून टाकली आणि माणूस कुठे आहे हे काही मीटरांपर्यंत कळू लागले. घराबाहेर भरकटणाऱ्या रुग्णांसाठी यंत्रे निघाली ती याच्या जोरावर. २००८ मध्ये आयफोन आणि अँड्रॉइड या दोन्हींची ॲप-दुकाने उघडली. २०१४ मध्ये लिव्हरपूलच्या संग्रहालयांनी डिमेन्शिया असलेल्या लोकांच्याच मदतीने जुन्या वस्तूंच्या चित्रांचे ॲप बनवले. चित्र पाहून रुग्ण आणि घरचे यांच्यात गप्पा सुरू व्हाव्यात हा त्याचा हेतू. भारतात खरा बदल २०१६ नंतर झाला. डेटा स्वस्त झाला आणि पुण्यातली मुलगी, नाशिकचा भाऊ आणि अमेरिकेतला धाकटा एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर आले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये डिमेन्शियासाठी जागतिक कृती आराखडा स्वीकारला. त्यात सांभाळणाऱ्यांना आधार देणे हे स्वतंत्र उद्दिष्ट आहे. २०१९ मध्ये संघटनेचा 'आयसपोर्ट' हा अभ्यासक्रम खुला झाला. पाच विभाग, २३ छोटे धडे. त्यातला एक पूर्ण विभाग सांभाळणाऱ्याने स्वतःकडे कसे पाहावे याला दिला आहे. त्याची भारतातील चाचणी बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील तज्ज्ञांनी केली. निकाल २०२१ मध्ये आला. मोठा वाटा लोकांनी मध्येच सोडला. भार आणि नैराश्य यांत दोन गटांत फरक दिसला नाही. रुग्णाकडे माणूस म्हणून पाहण्याचा दृष्टिकोन तेवढा सुधारला. मला यात आश्चर्य वाटत नाही. तेवीस धडे पुरे करायला वेळ लागतो, आणि वेळ हीच तर या घरात नसलेली गोष्ट. गोव्यातला सल्लागार पंधरा दिवसांनी दारात उभा राहत होता. ॲप उभे राहत नाही. ते तुम्ही उघडावे लागते.

मग ॲप वापरायचे की नाही? वापरा, पण नेमक्या कामासाठी. औषधांच्या वेळा, डॉक्टरांच्या तारखा, कुणी कधी यायचे याचे सामाईक कॅलेंडर, ही कामे फोन चोख करतो. त्यासाठी 'डिमेन्शिया' असे नाव असलेले ॲपच हवे असे नाही. फोनमधले कॅलेंडर भावंडांना दिसेल असे ठेवा आणि त्यात 'रविवार दुपार : दादा आईजवळ' असे लिहा. लिहिले की टाळणे अवघड होते. व्हॉट्सॲप ग्रुपचा उपयोग पुष्कळ घरांत फक्त 'आई कशी आहे?' विचारण्यापुरता होतो. तो प्रश्न विचारणाऱ्याला त्याच ग्रुपवर एक दुपार नेमून द्या.

वागणुकीची नोंद ठेवणारी ॲप दवाखान्यात फार कामाची असतात. संध्याकाळी आजी 'मला माझ्या घरी जायचंय' म्हणून रडतात. किती वाजता, त्याआधी काय झाले, झोप किती झाली होती, पोट साफ होते का, हे आठ दिवस लिहून आणा. त्यातून जे कळते ते दहा मिनिटांच्या भेटीत आठवून सांगता येत नाही. वहीत लिहिले तरी चालेल.

मात्र एक गोष्ट ॲपवर सोडू नका. रुग्ण एक-दोन दिवसांत अचानक जास्त गोंधळला, सुस्त झाला, भास होऊ लागले, तर तो डिमेन्शिया 'वाढला' असे समजू नका. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, शरीरातले सोडियम कमी होणे, नवे औषध, पडल्यामुळे डोक्याला लागलेला मार, असे काही असू शकते. नोंद करून वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि झोपेच्या किंवा शांत करणाऱ्या गोळीचा डोस इंटरनेटवर वाचून कधीही वाढवू नका.

रुग्ण कुठे आहे ते दाखवणारी सोय उपयोगी आहे, पण वडील फोन घरी ठेवून बाहेर पडतात तेव्हा ती निरुपयोगी. घड्याळात किंवा गळ्यातल्या लॉकेटमध्ये बसणारे यंत्र त्या मानाने बरे. खिशात नाव आणि तुमचा फोन नंबर लिहिलेला कागदही ठेवाच, त्याला चार्जिंग लागत नाही. आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल तर हे यंत्र का घालायचे ते त्यांना सांगा, त्यांची संमती घ्या. पाळत ठेवल्यासारखे लपून करू नका. संशय हे या आजाराचे लक्षण आहेच, त्याला खरे कारण देऊ नये.

माहितीच्या सुरक्षिततेचाही विचार करा. २०१७ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी डिमेन्शियासाठीची ॲप तपासली. वापरणाऱ्याची माहिती गोळा करणाऱ्या ॲपपैकी निम्म्यांहून कमी ॲपकडे गोपनीयतेचे लेखी धोरण होते. आधार क्रमांक, बँकेचा पासवर्ड, पेन्शनचे तपशील अशा ॲपमध्ये भरू नका. आणि 'मेंदूचे खेळ खेळा, डिमेन्शिया टाळा' म्हणून पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहा. अशाच दाव्यांना पुरेसा आधार नसल्याबद्दल ल्युमोसिटी हे ॲप चालवणाऱ्या कंपनीला जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी २० लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली.

भारतातल्या ताज्या मोठ्या पाहणीनुसार साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया आहे. एवढ्या घरांत पंधरा दिवसांनी जाईल इतके गृह-सल्लागार आज आपल्याकडे नाहीत. तोवर दोन क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवा : १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांसाठीची एल्डरलाइन, आणि १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस. दुसरा क्रमांक रुग्णासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. रात्री दोनलाही तिथे माणूस फोन उचलतो.

पुढच्या वेळी दवाखान्यात आलात की रुग्णाची फाईल झाल्यावर उठू नका. स्वतःची झोप, वजन, रक्तदाब आणि शेवटचे घराबाहेर कधी पडलात, हे सांगायचे बाकी असेल.